त्या वर्षीची यादी आली

सर,

लातूरच्या मार्केट यार्डात, तिच्या वडिलांच्या आडत दुकानाच्या गादीवर बसून तुम्ही म्हणालात, "शब्द देता येणार नाही मला," त्या क्षणी माझं सगळं बदललं. त्याच्या आधी मी कोणीतरी होतो, नंतर जो झालो तो हा असा. हे मी तुम्हाला तेव्हाही ओरडून सांगितलं होतं, तुमच्याच घरात, काकूंनी वाढलेलं खात. आज परत सांगायला बसलो, कारण आज दुपारी यादी आली. संशोधन फेलोशिपची, त्या वर्षीची. आपण जिची वाट बघून बघून बेजार झालो होतो, तीच. कुठल्याशा वादात अडकली होती म्हणे, आता वाद मिटला आणि कुणीतरी ती उचलून साइटवर टाकली. माझं नाव आहे तिच्यात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, सर, आणि यादी आज आली.

मी आता लातुरातच असतो. एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवतो. वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये आहे, पोरं कोंबून बसवलेली, प्रत्येकाला डॉक्टर व्हायचंय. शिकवताना फोन खिशात थरथरला तेव्हा मी फळ्यावर मोलचं गणित सोडवत होतो. बघायला नको होता, बघितला. मग बराच वेळ खडू हातात धरून उभा राहिलो असेन, कारण क्लासचे मालक दारातून म्हणाले, "सर, शिकवून राहिलात का फोटो काढून घेऊन राहिलात?" पोरं हसली. मी गणित पूर्ण केलं. उत्तर चुकलं होतं, पहिल्या बाकावरच्या पोरीनं दुरुस्त केलं. तास संपला, पोरं गेली, आणि मी शिक्षकांच्या खोलीत येऊन हा कागद पुढ्यात ओढला.

तुम्ही मला पहिल्यांदा नायगावकडच्या खेड्यांमध्ये नेलंत ते आठवतं. तुमची जुनी मोटारसायकल, मी मागे, मांडीवर पाण्याच्या बाटल्यांची पेटी. प्रत्येक बोअरचं पाणी भरायचं, बाटलीवर गाव आणि बोअरची खूण लिहायची, नांदेडला आणून फ्लोराईड तपासायचं. त्या गावांतल्या माणसांचे दात तपकिरी, पट्ट्या पट्ट्या पडलेले. तुमचेही तसेच होते, कारण तुम्ही तसल्याच गावचे. म्हणून तुम्ही हसताना ओठ मिटून हसायचात. एका हातपंपावर एक बाई घागर भरून उभी होती. तिनं विचारलं, "सर, हे पाणी प्यावं का न्हाई?" तुम्ही म्हणालात, "अजून माहीत नाही बाई. तपासून येतो, मग सांगतो." ती फिसकन हसली. "एवढं शिकून बी माहीत न्हाई? मग आमच्यात अन् तुमच्यात फरक काय हाय?" बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मला राग आला, मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तुम्ही गाडीवर बसल्या बसल्या, मागे न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवलात. नुसता ठेवलात. आणि पुढच्या आठवड्यात, काम नसताना, तुम्ही त्या बाईला सांगायला परत त्या गावात गेलात. पाणी पिण्यालायक नाही म्हणून पंपाला लाल रंग लावून आलात. तुमची ती पद्धतच होती. आधी बोलायचं नाही, आणि कळलं की सांगितल्याशिवाय राहायचं नाही. मला तेव्हा ती लई आवडायची. ती माझ्यावरच उलटेल हे कुठं ठाऊक होतं.

फेलोशिपचा अर्ज मी केला तेव्हा तुम्हीच मागे लागला होतात. मुलाखत झाली, चांगली झाली. नंतर सुरू झालं ते वाट बघणं. बाहेरच्या माणसाला वाटतं वाट बघणं म्हणजे काही न करणं. तसं नसतं. सकाळी डोळा उघडला की साइट, प्रयोगशाळेत बाटली हलवता हलवता साइट, जेवताना साइट. आमच्या ग्रुपवर नमस्कार बंद झाला होता, फक्त "आली का?" आणि "न्हाई बे." फोन केला की ऑफिसातून एकच उत्तर, प्रक्रिया सुरू आहे. देगलूरचा आपला दोस्त, त्यानं यादी येईपर्यंत दाढी करणार नाही असं ठरवलं होतं. बहिणीच्या लग्नात आईनं रडून त्याची दाढी काढायला लावली, तर सगळी प्रयोगशाळा त्याच्यावर तुटून पडली. "तुझ्यामुळं लांबली यादी!" तुम्हीसुद्धा ओठ मिटून हसलात त्या दिवशी. पुढं हसणं कमी कमी होत गेलं. गावाकडं जावंसं वाटेना. अहमदपूरला आमच्या किराणा दुकानात आप्पा गिऱ्हाईकासमोर विचारायचे, "काय साहेब, लागली का तुमची ती?" माझ्याकडं न बघता, साखर तोलता तोलता. गिऱ्हाईक विचारायचं, "काय लागायचंय पोराला?" आप्पा म्हणायचे, "कुणाला ठाऊक."

आणि ती. तिच्याबद्दल तुम्हाला मी कधी नीट सांगितलंच नाही, तुम्ही आपोआप ओळखलंत. ती एम.एस्सी.ला होती, आपल्याच विभागात, लातूरची, वसतिगृहात राहायची. माझ्या बाटल्यांवरची खूण तिच्या अक्षरात दिसायला लागली तेव्हा तुम्ही एक बाटली उजेडात धरून म्हणालात, "अक्षर सुधारलं रे तुझं." एवढंच. मी कानापर्यंत तापलो होतो. तिला मी जे सांगायचो ते सगळं यादीवर टांगलेलं असायचं. यादी आली की घरी बोलू. यादी आली की खोली घेऊ. एकदा ती म्हणाली, "तुझी यादी माझी सवत झालीय." मी हसलो. ती हसली नव्हती. घरचे तिच्यासाठी स्थळं बघायला लागले होते आणि उदगीरच्या एका औषध दुकानदाराच्या मुलाचं स्थळ पुढं सरकत होतं.

आप्पांना म्हटलं, चला माझ्यासोबत तिच्या घरी. ते म्हणाले, "घरात बसलेल्या पोराला पोरगी मागायला मी कुठल्या तोंडानं जाऊ? आमच्या समाजातलीच हाय म्हणतोस, मग तिचा बाप बी माझ्यासारखाच व्यापारी असणार. पहिलं तेच विचारणार." मग मी तुमच्याकडं आलो. तुम्ही "येतो" म्हणालात, एका क्षणाचाही विचार न करता. वर आदल्या दिवशी माझ्यासाठी पांढरा शर्ट घेऊन आलात. "असल्या डाग पडलेल्या शर्टात मुलगी मागायला जातोस का?" शर्ट मला सैल होता. तुमच्या मापाचा आणला होता तुम्ही.

एसटी अहमदपूरला थांबली तेव्हा तुम्ही म्हणालात, "वडिलांना भेटून येऊ का दोन मिनिटं? त्यांच्या कानावर घालून जाऊ." दुकान स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. मी म्हटलं, "काही गरज नाही." खिडकीतून तोंड फिरवून बसलो. तुम्ही पुन्हा विचारलं नाही.

तिच्या वडिलांची गादी मला अजून जशीच्या तशी दिसते. बाहेर सोयाबीनची पोती, आत पांढरी चादर, लोड, भिंतीवर शंकराची तसबीर. ते कपाळाला विभूती लावून बसलेले, समोर ताटलीत सोयाबीनचा नमुना. एक दाणा दाताखाली फोडला, ओलावा जास्त आहे असं मुनीमाला सांगितलं आणि मग आपल्याकडं वळले. तुम्ही गादीवर टेकलात. मी खांबाला धरून उभा.

"बसा मास्तर. पोरगी तुमच्याच हाताखाली शिकली म्हणून भेटलो, न्हाईतर सीझनमध्ये मला पाणी प्यायला सवड न्हाई. पोरगा काय करतो?"

"माझ्याकडं पीएच.डी. करतोय. पाण्यावर काम आहे त्याचं."

"पाण्यावर म्हणजे? टँकर हायत का?"

मुनीम हसला. तुम्ही शांतपणे सगळं समजावून सांगितलंत, बोअर, दात, हाडं. त्यांनी खरंच कान देऊन ऐकलं. मग म्हणाले, "काम चांगलं हाय. पोटाचं काय?"

"फेलोशिपचा अर्ज केलेला आहे. मुलाखत झाली. निर्णय यायचाय."

"कधी येतो?"

"ते सांगता येत नाही."

"बरं, कधी ते सोडा. येतो का न्हाई, ते तर सांगता येतंय?"

तुम्ही ताटलीतल्या सोयाबीनकडं बघत राहिलात. बाहेर हमालांचा आरडाओरडा चालू होता, आत मुनीमाचं पेन. मग तिचे वडील पुढं सरकले, आवाज खाली आणला. "मास्तर, मी आडवा येणारा माणूस न्हाई. पोरीच्या मनात काय हाय ते मला दिसतंय. ह्या गादीवर पावती मागून फाटते, सौदा आधी जबानीवर होतो. मला कागद नको. तुम्ही नुसतं म्हणा, लागते म्हणून. तुमच्या शब्दावर मी उदगीरवाल्यांना थांबवतो."

मी तुमच्याकडं बघत होतो. आयुष्यात कुणाच्या तोंडाकडं इतकं बघितलं नाही मी. तुम्ही चष्मा काढलात, धोतराच्या सोग्याला पुसावा तसा पँटच्या कडेला पुसलात, परत घातलात. आणि म्हणालात, "शब्द देता येणार नाही मला. निर्णय माझ्या हातात नाही. मुलगा चांगला आहे, एवढं सांगतो. पुढचं मला माहीत नाही."

ते मागे लोडाला टेकले. "खरं बोललात," म्हणाले. आणि दुकानातल्या पोराला हाक मारून चहा सांगितला. सौदा मोडला की तिथं चहा लवकर येतो, हे मला नंतर लातुरात ऐकून कळलं.

त्या दिवशी नांदेडला परत येईपर्यंत मी तुमच्याशी बोललो नाही. तुम्ही मला ओढून घरी नेलंत. काकूंनी स्वयंपाकघरात सुशीला केला होता, मुरमुरे भिजवून, वर शेंगदाणे, लिंबू. तुम्ही ओट्याला टेकून उभे, मी पाटावर. पहिला घास घेतला आणि मी फुटलो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. तुमच्या प्रामाणिकपणाची आरती करा म्हणालो. काकूंनी हातातला झारा तसाच धरून तुम्हाला विचारलं, "एवढा एक शब्द बोलला असता तर जीभ झिजली असती का हो तुमची?" तुम्ही म्हणालात, "आणि नाही लागली तर? माझ्या हाताखालच्या किती पोरांची लागली नाही, तुला माहीत आहे. ह्याच्यापेक्षा हुशार होती ती. बोअरचं पाणी मी अंदाजानं सांगत नाही, दुसऱ्याच्या पोरीचं आयुष्य अंदाजानं सांगू?" मी ओरडलो, "माझं काय मग?" तुम्ही म्हणालात, "खा आधी. गार होतंय." त्या शब्दांचा मला अजून राग येतो, सर. खा आधी. मी ताटली सरकवून निघून गेलो.

उदगीरचं ठरलं. ती शेवटची मला विष्णुपुरीला धरणाच्या बाजूला भेटली. उन्हाळ्याची दुपार होती, कठड्याला हात लावला तर भाजत होतं. मी तुम्हाला शिव्या घालायला सुरुवात केली. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "घरात माझे आप्पा रोज सरांचं नाव काढतात. म्हणतात, एवढ्या वर्षांत गादीवर खरं बोलणारा एकच माणूस आला. तुझं नाव कुणी काढत नाही."

"काढतील कशाला? मी बेकार ना."

"तू बोललाच नाहीस तिथं काही," ती म्हणाली. "कंडक्टरशी भांडतोस, क्लार्कशी भांडतोस, मेसवाल्याशी भांडतोस. मला वाटलं होतं तिथं तरी भांडशील. आप्पा विचारून राहिले होते, पोटाचं काय. तू म्हणायचं की काहीही करीन, शिकवण्या करीन, पण ठेवीन हिला. आप्पांनी तुझ्याकडं दोनदा बघितलं म्हणे. तू सरांच्या तोंडाकडं बघत उभा."

तिनं स्कार्फ बांधला आणि रिक्षा थांबवली. सर, हे जे ती बोलली, ते तुम्हालाही दिसलं असणार. तुम्ही तिथंच बसला होतात. त्या दिवशी स्वयंपाकघरात मी तुमच्यावर तोंडसुख घेत होतो तेव्हा तुम्ही एका वाक्यात मला गप्प करू शकला असतात, तुझं तोंड कुठं गेलं होतं म्हणून. केलं नाहीत. आजपर्यंत मी त्याला दया समजायचो आणि चिडायचो. आता नुसता चिडतो.

मग त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. विभागाच्या जिन्यावर, हातात कुणाचा तरी प्रबंध. मी तेव्हा तुमच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होतो. गोदावरीच्या काठी मी मागं उभा होतो, आणि काकू दिसल्या की खांबाआड होत होतो. शोकसभेतनं बाहेर पडतो तोच ऑफिसातले क्लार्क जवळ आले, चपला घालता घालता म्हणाले, "तुमची फाईल आता बिनगाईडची झाली बघा. दुसरा गाईड धरा लवकर, न्हाईतर यादी आली तरी नाव उडंल." ते वाईट मनानं बोलले नव्हते. पण मी त्यांची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. गाईड बदलायला महिने गेले. ज्यांच्याकडं मला दिलं त्यांनी एक दिवस प्रयोगशाळा साफ करून घेतली. मी आत गेलो तर आपल्या सगळ्या बाटल्या धुऊन, पालथ्या घालून, फडक्यावर वाळत ठेवलेल्या. नायगावच्या, देगलूरच्या, कंधारकडच्या. पाणी बेसिनमध्ये गेलं होतं. "बाटल्या कमी पडून राहिल्या होत्या," नवे सर म्हणाले, "जुनं पाणी ठेवून काय करणार? परत भरून आणा." मी काय बोललो ते त्यांनी लेखी कळवलं होतं वर, म्हणून इथं लिहीत नाही. त्या दिवशी जो बाहेर पडलो, तो परत त्या जिन्याला पाय लावला नाही. अर्धवट सोडलेला म्हणून आता माझी ओळख. आप्पा गिऱ्हाईकाला सांगतात, "लातूरला मास्तर हाय." साखर तोलतात.

आज दुपारी देगलूरच्या दोस्ताचा फोन आला. तो आता खत-बियाणांचं दुकान चालवतो. "भाऊ, आपली आली बे!" ओरडला. त्याचंही नाव आहे. मी म्हटलं, "आता आली होय." तो हसत सुटला, लई हसला. "दाढी पांढरी व्हायला लागली बे," म्हणाला. मग त्यानं विचारलं, "जाणार का नांदेडला? गाईडची सही घेऊन रुजू व्हा म्हणतेत." मी म्हटलं, "कुठला गाईड?" त्याच्या मागं कुणीतरी युरिया मागत होतं.

रुजू होऊन करू काय? पाणी तेव्हाचं होतं. त्यातले निम्मे बोअर आता आटले, काही गावांत नळ आले. ती हातपंपावरची बाई आहे का नाही ठाऊक नाही. पण हे माझ्या डोक्यात आज दुपारपासून फिरून राहिलंय, सर, आणि तुमच्याशिवाय कुणाला सांगू? फेलोशिप लागली. म्हणजे तुम्ही त्या दिवशी गादीवर "लागते" म्हणाला असतात, तर ते खोटं ठरलं नसतं. तुमच्या जिभेला डाग लागला नसता. एवढा उशीर झाला असता, ती थांबली असती का थांबली नसती, आम्ही उपाशी मेलो असतो का भांडून मेलो असतो, ते सगळं वेगळं. पण शब्द खरा निघाला असता. यावर तुम्ही काय म्हणाल तेही मला माहीत आहे. म्हणाल, तेव्हा मला ते माहीत नव्हतं. हो, नव्हतं. तुमचं बरोबरच असतं नेहमी. मी तुम्हाला माफ केलं असं लिहायला बसलो नव्हतो, आणि लिहिणारही नाही.

क्लासमध्ये आता कुणी नाही. बाहेर झाडलोट चालू झाली. इथून मार्केट यार्ड चालत जाण्यासारखं आहे. लातुरात राहून इतकी वर्षं मी त्या बाजूला फिरकलो नाही, भाजी आणायलासुद्धा लांबून जातो. आज जाणार आहे. तिच्या वडिलांच्या समोर उभा राहून, कुणाच्याही तोंडाकडं न बघता, सांगणार आहे की लागली. ते म्हणतील, बरं मग? त्यांचं चुकणार नाही. तिला मुलं असतील आता. मुनीम हसेल. कदाचित मी भांडेन, माझा काय भरवसा.

पण खरं कारण तेही नाही, सर. एवढं तुम्हाला सांगून टाकतो. यादी हे निमित्त आहे. बोलता बोलता त्यांच्या तोंडून एखादं वाक्य येईल, ती परवाच येऊन गेली, किंवा तिची तब्येत बरी नसते, किंवा काहीही, नुसतं तिचं नाव. तेवढं ऐकायला जातोय. आणि त्यांनी चहा सांगितला, तर घेणार आहे.

हा कागद कुठं टाकायचा ते ठाऊक नाही, म्हणून इथंच टेबलाच्या खणात ठेवतो. झाडणारा माणूस दारात येऊन विचारतोय, "सर, खोली बंद करू का?" मी म्हटलं, थांब, मीच करतो. उठतोय. निघालो. दार ओढून घेतो.